लाडावलेले झाड

दारात हौसेने झाड लावावे, त्याला खतपाणी घालावे आणि त्याने नेमके पाहुण्यांदेखत आपले नाक कापावे, हा अनुभव माझ्या धाकट्या भावाला परदेशात आला.

तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. तिकडचे मेपल ऑक्टोबरात असे लाल होतात, की डोंगराला वणवा लागल्याचा भास व्हावा. २०२० साली त्याने दारात तांबड्या मेपलचे लहानसे झाड लावले आणि २०२२च्या दिवाळीला आईला व मला मुद्दाम बोलावून घेतले. "आई, आपण आकाशकंदील त्या लाल झाडालाच टांगू," असे तो फोनवर दर खेपेस सांगे.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही पोचलो. शेजाऱ्यांचा जुना मेपल पेटल्यासारखा दिसत होता. आमचे झाड मात्र श्रावणातल्यासारखे हिरवेगार! भाऊ खजील झाला. आई म्हणाली, "अरे, पोर आहे ते अजून. एवढ्यात कशाला पिकवतोस त्याला?"

आईच्या बोलण्यात अर्धे सत्य होते. उरलेले अर्धे तिथल्या नर्सरीवाल्याने सांगितले. दिवस लहान होऊ लागले, की पानातले हरितद्रव्य विरते. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच. तो आता उघडा पडतो. लाल रंग मात्र झाडाला नव्याने तयार करावा लागतो आणि त्याचे भांडवल म्हणजे पानात साठलेली साखर. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री हिम न पडण्याइतपत थंडी असली, की तो खुलतो. सावलीतल्या झाडाचा रंग फिका पडतो. आणि ज्याला उन्हाळा सरला तरी भरपूर नत्र व पाणी मिळते, ते वाढतच राहते. निजायची वेळ झाली हे त्याला कळतच नाही.

भावाने मान खाली घातली. झाडाला त्याने वेगळे खत घातले नव्हते. पण हिरवळीला सप्टेंबरात मूठ सैल सोडून घातले होते, आणि झाडाची मुळे त्या हिरवळीखालीच! शिवाय रोज संध्याकाळी पाण्याचा फवारा होताच.

उपाय सोपा निघाला. नत्राचे खत द्यायचेच तर वसंतात, तेही बेताने. झाडाभोवतीची हिरवळ काढून तिथे झाडाच्या सालींचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. पाणी रोज नको. माती कोरडी पडली की खोलवर द्यावे, कारण तहानलेले झाड रंगण्याआधीच पाने टाकते. आणि नवे झाड घ्यायचे असेल, तर ऑक्टोबरातच पाने रंगलेली पाहून घ्यावे. बियांपासून वाढलेल्या रोपांचा रंग एकसारखा नसतो.

२०२३च्या ऑक्टोबरात झाड लाल झाले. पण पाहायला आई तिथे नव्हती. गुडघ्यांमुळे तिचा एवढा मोठा प्रवास कायमचा बंद झाला होता. डिसेंबरात भाऊ घरी आला, तो पुस्तकात दाबलेले एक पान घेऊनच. आईने ते उलटसुलट करून पाहिले आणि पोथीत, दसऱ्याच्या आपट्याच्या पानाशेजारी ठेवून दिले.

"लाड कमी केलेस ना त्याचे?" तिने विचारले.

"केले," भाऊ म्हणाला.

"बरे केलेस," असे म्हणत आईने त्याच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली.