स्वस्त पैसा लातूर-नांदेडला कधी पोहोचणार?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी पाव टक्का, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का आणि डिसेंबरमध्ये पुन्हा पाव टक्का, अशी ही कपात झाली. जूनच्याच पतधोरणात रोख राखीव प्रमाण चार टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली आणि त्यायोगे बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील, असे सांगण्यात आले. पैसा स्वस्त आणि मुबलक झाला की उद्योजक कर्ज काढतात, ग्राहक खर्च करतात आणि विकासाला गती मिळते, हे यामागचे गृहीतक. ते चुकीचे नाही. मात्र मुंबईत मोकळा झालेला हा पैसा लातूरच्या आडत बाजारापर्यंत किंवा नांदेड जिल्ह्यातील मुखेड-किनवटपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हा प्रश्न पतधोरणाच्या चर्चेत क्वचितच विचारला जातो.

शहरी कर्जदारासाठी ही वाट बऱ्यापैकी सरळ आहे. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे आणि छोट्या उद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडली गेली. त्यामुळे रेपो उतरला की पुण्यातील गृहकर्जदाराचा हप्ता किंवा मुदत काही महिन्यांत कमी होते. पीककर्जाचे तसे नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर सरकारने सात टक्के ठरवून दिलेला आहे. वेळेवर परतफेड केल्यास केंद्राची तीन टक्के सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेला भारही बव्हंशी उतरतो. म्हणजे २०२० मध्ये रेपो चार टक्के असताना आणि २०२३ मध्ये साडेसहा टक्के असताना औसा तालुक्यातील शेतकऱ्याच्या पीककर्जाचा दर तोच होता. जे या चौकटीत बसत नाहीत, ते सूक्ष्म वित्त कंपन्यांकडे, सोने तारण ठेवणाऱ्यांकडे, बियाणे-खते उधारीवर देणाऱ्या दुकानदाराकडे किंवा सावकाराकडे जातात. तेथील व्याज वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. रेपोच्या पाव टक्क्याची झुळूक तिथवर जात नाही.

साधा हिशेब करून पाहू. एक लाखाच्या पीककर्जावर सव्वा टक्क्याची कपात पूर्णपणे पोहोचली असती, तरी शेतकऱ्याचे वर्षाला वाचले असते १,२५० रुपये. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ५,३२८ रुपये होता. दोन्ही हंगामांत सुगीच्या दिवसांत बाजारभाव त्याखाली राहिले. क्विंटलमागे केवळ सहाशे रुपयांचा फरक धरला, तरी वीस क्विंटल विकणाऱ्याचे नुकसान बारा हजारांचे होते. हा शेतकरी मालाला भाव येईपर्यंत थांबत का नाही? कारण ऑक्टोबरमध्ये त्याच्यापुढे दुकानदाराची उधारी, मळणीची मजुरी, दिवाळी आणि रब्बीचे बियाणे एकाच वेळी उभे असते. त्याला दोन महिने थांबता यावे एवढी रोकड हातात असणे, हीच त्याची खरी तरलता. थोडक्यात, मराठवाड्यात पैशाची किंमत जेवढी निर्णायक नाही, तेवढी पैशाची वेळ आहे. जूनमध्ये पेरणीला आणि ऑक्टोबरमध्ये काढणीला पैसा मिळाला नाही, तर तो नंतर कितीही स्वस्त झाला तरी त्याचा उपयोग नसतो.

याचा सर्वांत कठोर पुरावा २०१६ ने दिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पावसाळ्याने भरभरून दिले. दुष्काळानंतरचे पहिले मोठे पीक बाजारात येत असतानाच ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याचा विचार करता, चलनातील सुमारे ८६ टक्के रोकड एका रात्रीत बाद झाली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. ज्या शेतकऱ्याचे खाते गावातील सेवा सोसायटीमार्फत जिल्हा बँकेत, त्याचे सारे व्यवहारच गोठले. त्याच महिन्याच्या अखेरीस नेमके उलटे चित्र मुंबईत होते. व्यापारी बँकांकडे ठेवींचा एवढा पूर आला, की तो शोषून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेला वाढीव ठेवींवर तात्पुरते शंभर टक्के राखीव प्रमाण लावावे लागले. देशाच्या बँक व्यवस्थेत पैसा मावत नव्हता आणि आडतीत पट्टीचे पैसे चुकते करायला रोकड नव्हती. एकूण तरलतेचा आकडा आणि गावातील तरलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणत्याही आर्थिक ग्रंथाने सांगितले नसते.

मग ही दरी भरते कोण? त्याचे उत्तर लातूर आणि नांदेड या शेजारी जिल्ह्यांच्या तुलनेत सापडते. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके आणि पावसाचा लहरीपणा दोन्हीकडे सारखा, रेपो दर तर एकच. पण २००० नंतरच्या दशकात नांदेड जिल्हा मध्यवर्ती बँक गर्तेत गेली, ठेवीदारांना स्वतःचेच पैसे मिळणे दुरापास्त झाले आणि सरकारी मदतीनंतरही तिला सावरण्यास वर्षे लागली. लातूर जिल्हा बँकेची गणना मात्र राज्यातील सुस्थितीतील जिल्हा बँकांत होत राहिली. ऊस कारखान्याला घालणाऱ्याचे बिल बँकेमार्फत येते आणि त्यातूनच कर्ज वळते होते; वसुलीची ही साखळी टिकली की पुढच्या हंगामाचे कर्जही वेळेवर निघते. पण कारखान्यांचीच कर्जे थकली की काय होते, हे धाराशिव जिल्हा बँकेने दाखवून दिले. जिल्हा बँक कोसळणे म्हणजे त्या जिल्ह्यापुरते कठोरातील कठोर पतधोरण लागू होणे. आणि ते उठवण्याचा अधिकार कोणत्याही पतधोरण समितीकडे नसतो.

दुसरीकडे, कर्जाचा निर्णय घेणारी केंद्रे या भागापासून दूर गेली आहेत. निजामाच्या राज्यात हाली सिक्क्याचे स्वतंत्र चलन होते. त्या काळात १९४१ मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ म्हणून मराठवाड्याची प्रमुख बँक बनली. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि मे २०२५ पासून संपूर्ण राज्याची एकच ग्रामीण बँक झाली. विलीनीकरणाने बँका भक्कम होतात, हे खरे. पण शाखाधिकाऱ्याची गावाशी असलेली ओळख जाऊन तिची जागा ‘सिबिल’च्या आकड्याने घेतली, तर कर्ज नाकारणे सोपे होते. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावावे लागले, ते यामुळेच.

अर्थात दोष केवळ बँकांचा नाही. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्यांनी अडचणीतील शेतकऱ्याला दिलासा दिला, पण माफीची चाहूल लागताच परतफेड थांबते, सोसायटी थकबाकीत जाते आणि नियमित फेडणाऱ्यालाही पुढचे कर्ज मिळणे अवघड होते, हेही प्रत्येक वेळी दिसले. २०१९ च्या योजनेतील नियमित कर्जदारांसाठीच्या पन्नास हजारांच्या प्रोत्साहनाचे वाटप सुरू व्हायला २०२२ उजाडले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीने नांदेड, लातूर, धाराशिवची शिवारे खरवडून नेली. सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, तसेच कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे आश्वासन दिले. ही तारीख नेमकी पेरणीच्या तोंडावरची. माफी द्यायची तर ती अशा रीतीने द्यायला हवी, की बँकांचे ताळेबंद त्याच हंगामात मोकळे व्हावेत. अन्यथा शेतकरी कागदावर कर्जमुक्त आणि प्रत्यक्षात कर्जवंचित होतो.

उपाय नवे शोधण्याची गरज नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून अस्तित्वात आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. ऑक्टोबरची निकड भागवणारे आणि शेतकऱ्याला थांबण्याची ताकद देणारे याहून नेमके साधन नाही. पण गोदामे आणि बाजार समित्यांचा निधी अपुरा असल्याने त्याचा लाभ मोजक्यांनाच होतो. रिझर्व्ह बँकेने मोकळ्या केलेल्या पैशाचा अल्पसा वाटा गोदाम पावतीवरील कर्जाकडे वळला, तरी लातूरच्या बाजारातील सुगीची घाईची विक्री कमी होईल. जिल्ह्याच्या पतपुरवठा आराखड्याचे मूल्यमापन मार्चअखेरच्या उद्दिष्टपूर्तीने न करता १५ जूनपर्यंत किती खातेदारांना पैसे मिळाले यावर करायला हवे. हमीभाव खरेदीचे चुकारे ठरलेल्या दिवसांत खात्यात येणे, हाही पतधोरणाचाच भाग मानायला हवा.

रेपो दरातील पाव टक्क्याची बातमी पहिल्या पानावर येते, ते योग्यच आहे. पण मराठवाड्याच्या विकासाचा दर त्या पाव टक्क्यावर ठरत नाही. पेरणीच्या आठवड्यात सोसायटीच्या दारावर कुलूप आहे की नाही, यावर तो ठरतो.