बुलेटचा ताप आणि सात हजारांचा कूलर

उन्हाळा आला की आमच्याकडे कूलरचा प्रश्न हमखास येतो. तो खिडकीत ठेवायचा की खोलीत, गवताच्या जाळ्या कधी बदलायच्या, पाणी किती लागते, असे ते प्रश्न असतात. यंदा मात्र कूलरचा प्रश्न आमच्याच घरातून आला आणि तो खोलीसाठी नव्हता, मोटारसायकलसाठी होता.

आमची धाकटी बहीण सोलापूरला असते. तिचा मुलगा चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे बुलेटवर लादून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या दुकानांना पोहोचवतो. गाडी ३५० सीसीची, दहा वर्षांपूर्वीची, जुन्या बाजारातून घेतलेली. घरातली कमाई तिच्यावरच चालते. एप्रिलच्या शेवटी बहिणीचा फोन आला. ‘भाईजान, भिशी लागली आहे. धाकटीच्या डी. फार्मची फी भरायची म्हणून ठेवली होती. आता हा म्हणतो, त्यातले सात हजार दे, गाडीला ऑईल कूलर बसवायचा आहे, नाहीतर इंजिन जाम होईल. मी काय करू?’

मागून भाच्याचा आवाज आला, ‘मामू, तुम्हीच अम्मीला समजवा. इंजिन बसले तर वीस-पंचवीस हजार जातील.’

दोघांचेही म्हणणे खरे होते. फी ही खरी गरज होती आणि इंजिन ही घराची भाकरी होती. आम्हाला यातले फारसे कळत नव्हते. म्हणून उत्तर न देता आम्ही सोलापूर गाठले.

आधी गाडीचा आजार काय ते ऐकून घेतले. दुपारी बार्शीहून परतताना गाडीची ताकद कमी होते. इंजिनातून टकटक आवाज येतो. सिग्नलला थांबले की न्यूट्रल सापडत नाही. पायाला इतकी धग लागते की चप्पल घालून चालवता येत नाही. सुट्या भागांच्या दुकानात त्याला सांगितले गेले होते की एअर-कूल्ड गाड्यांचे असेच होते, कूलर लावा, प्रश्न मिटेल.

यातले पहिले वाक्य खोटे नाही. बुलेटसारख्या इंजिनात पाणी नसते, रेडिएटर नसतो. सिलिंडरवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना मेकॅनिक फिन्स म्हणतात. गरम चहा आपण कपातून बशीत ओततो तो का? बशीत तो पसरतो, जास्त हवा लागते, लवकर निवतो. फिन्सचे काम नेमके तेच. उरलेले काम इंजिन ऑईल करते. पिस्टन, हेड, बेअरिंग जिथे वारा पोहोचत नाही, तिथून ते उष्णता उचलते आणि खाली इंजिनच्या तळाशी आणून सोडते. ऑईल कूलर म्हणजे या तेलासाठी आणखी एक बशी. एक छोटी जाळी इंजिनच्या पुढे बसवायची, दोन नळ्यांनी तेल तिच्यातून फिरवायचे आणि वाऱ्याने ते थंड होऊन परत येऊ द्यायचे.

ही कल्पना नवी नाही आणि फसवीही नाही. सुझुकीने १९८५ मध्ये जीएसएक्स-आर ७५० ही वेगवान गाडी काढली, तिचे इंजिन मुख्यतः तेलानेच थंड ठेवले होते. आपल्या पुण्याच्या बजाजने पल्सर २२० ला कारखान्यातूनच ऑईल कूलर दिला. रॉयल एनफील्डने २०१६ च्या हिमालयनला दिला, पुढे ६५० च्या जोड-सिलिंडर गाड्यांनाही दिला. मग आमच्या भाच्याने लावला तर काय बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका जुन्या गॅरेजमध्ये मिळाले. तिथल्या मेकॅनिकना सगळे उस्ताद म्हणतात. वय सत्तरीच्या घरात, हात अजून पक्का. त्यांनी कूलरचे नाव ऐकले, हो-नाही काहीच म्हटले नाही. फक्त म्हणाले, ‘बेटा, ताप आला म्हणून थेट बर्फाच्या लादीवर झोपतो का कोणी? आधी ताप कशाचा ते बघू.’

त्यांनी आधी ताप मोजला. पिस्तुलासारखा थर्मामीटर काढला. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे तो नव्हे, यंत्रांसाठीचा, जास्त अंश दाखवणारा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचा, कमी आकडा दाखवतो, म्हणून इंजिनच्या तळाशी काळी टेप चिकटवली. भाच्याला गठ्ठ्यांसह तासभर हायवेवर पिटाळले. परत आल्यावर आकडा आला ११८. बाहेरच्या कवचावर इतके, म्हणजे आतले तेल त्याहून गरम. साधारणपणे तेल ९० ते ११० अंशांत असले तर काळजीचे कारण नसते. १२०-१३० च्या पुढे साधे खनिज तेल झपाट्याने खराब होते. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांमागे तेल बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. तेव्हा भाच्याची तक्रार मनाची नव्हती, गाडीला ताप होताच.

मग गाडी थंड होईपर्यंत चहा झाला आणि तपासणी सुरू झाली.

पहिली गोष्ट, तेल. इंजिनच्या उजव्या बाजूला काचेची छोटी खिडकी असते. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असताना तेल तिच्यात दिसले पाहिजे. दिसलेच नाही. दोन लिटरांहून जास्त तेल मावणाऱ्या इंजिनात ते बरेच कमी झाले होते. कमी तेलाला तितकीच उष्णता वाहावी लागते, म्हणून ते जास्त तापते. टकटक आवाजही त्याचाच होता, कारण या इंजिनाचे टॅपेट तेलाच्या दाबावरच चालतात.

दुसरी गोष्ट, मागचे चाक. उस्तादांनी ते हाताने फिरवले तर अर्धा फेरा फिरून थांबले. ब्रेकचा रॉड इतका आवळलेला की ब्रेक न दाबताही चाक घासत होते. इंजिन दिवसभर गठ्ठ्यांबरोबर स्वतःचा ब्रेकही ओढत होते.

तिसरी गोष्ट पाहून आम्हालाच हसू आले. पुढच्या लेगगार्डला दोन्ही बाजूंनी टॉवेलचे गठ्ठे बांधलेले. म्हणजे जिथून इंजिनला वारा लागायचा, तिथेच चादरींचा पडदा. त्यामागे फिन्सवर तेल आणि धुळीचा थर वाळून बसलेला. बशीवरच झाकण!

चौथी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. प्लग काढला तर त्याचे टोक खडूसारखे पांढरे होते. ते भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असायला हवे. उस्तादांनी भाच्याकडे पाहिले. ‘सायलेन्सर कधी बदललास?’

दिवाळीत बदलला होता. मोठ्या आवाजाचा, सोबत मोकळा एअर फिल्टरही. कार्बोरेटरला मात्र कोणी हात लावला नव्हता. हवा जास्त येऊ लागली, पेट्रोल तितकेच राहिले. असे पातळ मिश्रण जास्त गरम जळते. आवाजासाठी बत्तीसशे रुपये दिले, त्यातून ताप आला आणि आता तापासाठी सात हजार देणे आले.

‘कूलर लावला असता तर काय झाले असते?’ आम्ही विचारले.

‘तेल थोडे थंड झाले असते,’ उस्ताद म्हणाले, ‘पण पातळ मिश्रण पिस्टनच्या डोक्यावर जळते, तिथे ते जळतच राहिले असते. कूलर उष्णता बाहेर नेतो, कारण नेत नाही.’

मग त्यांनी कूलरची दुसरी बाजू सांगितली. ती दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही इथे देत आहोत.

कारखान्यातून कूलरसह येणाऱ्या गाडीचा तेलपंप, नळ्या, जाळीची जागा हे सारे एकमेकांचा विचार करून ठरवलेले असते. बाहेरून बसवलेल्या कूलरमध्ये तेच पंप लांबच्या नळ्यांतून तेल ढकलतो. जोड वाढतात आणि प्रत्येक जोड ही गळण्याची जागा असते. नळी दाबाच्या गरम तेलासाठीची नसेल, साधी पेट्रोलची असेल, तर ती काही महिन्यांत मऊ पडते. हायवेवर ती निसटली तर दोनच गोष्टी होतात. तेल मागच्या टायरवर येऊन गाडी घसरते, किंवा तेलाविना इंजिन काही मिनिटांत जाम होते. ज्या भीतीने कूलर लावला, तीच भीती खरी होते.

शिवाय सिग्नलला थांबलेल्या गाडीत कूलरचा फारसा उपयोग नाही, कारण वारा नसेल तर जाळीही फिन्ससारखीच हताश असते. चुकीच्या जागी बसवली तर ती सिलिंडरचाच वारा अडवते. आणि तेल गरजेपेक्षा थंड राहणेही चांगले नव्हे. पेट्रोल जळताना थोडी वाफ तेलात मिसळते. तेल नीट तापले तरच ती उडून जाते. ज्यांचा प्रवास घर ते बाजार इतकाच आहे, त्यांच्या गाडीत कायम थंड तेलावर दुधी साय धरते. म्हणून चांगल्या कूलरला थर्मोस्टॅट असतो, तो तेल तापेपर्यंत जाळीची वाट बंद ठेवतो. स्वस्त संचात बहुधा तो नसतो. गाडी वॉरंटीत असेल तर असा बदल केल्यावर कंपनी इंजिनची जबाबदारी नाकारू शकते, हेही लक्षात ठेवावे.

मग कूलर कोणी लावावा? उस्तादांचे उत्तर सरळ होते. ज्याने सगळे दुरुस्त केले आहे, तेल योग्य आहे, तरी लांब घाटात किंवा ओझ्यासह तासन्तास हायवेवर तेलाचे तापमान मोजून १२० च्या वरच राहते, त्याने लावावा. थर्मोस्टॅटचा, दाबाच्या नळ्यांचा, जाणत्या हाताने बसवलेला, आणि दर आठवड्याला जोड पाहण्याची तयारी ठेवून. मोजल्याशिवाय लावू नये.

आमच्या भाच्याचा हिशोब असा झाला. कंपनीने सांगितलेल्या १५डब्ल्यू-५० ग्रेडचे, जेएएसओ एमए खूण असलेले तेल आणि तेलाचा फिल्टर. (कारचे तेल स्वस्त मिळते म्हणून घालू नये, बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू लागतो.) मूळचा एअर फिल्टर, नवा प्लग, ब्रेकची जुळणी, डिझेल आणि ब्रशने फिन्सची सफाई, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. जुना सायलेन्सर माळ्यावर होताच. उस्तादांच्या मजुरीसह सगळे मिळून अठ्ठावीसशे रुपये. गठ्ठे पुढून काढून मागच्या कॅरिअरवर गेले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच ओझ्यासह टेपवरचा आकडा १०१ आला. बाहेर ऊन ४२ अंशांचे होते.

जाताना उस्तादांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून मगच तो टाकला. अखंड डबा भंगारात गेला की त्यात नकली तेल भरून तो पुन्हा दुकानात येतो. हे आपल्यालाही घरी करता येईल.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात मुलाची गाडी हीच दुकान असते. तो खर्च मागतो तेव्हा त्याला उधळ्या म्हणू नये. भाचा खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखर धग लागत होती. पण इलाज विकत घेण्याआधी एक दिवस तपासणीला द्यावा. नवी वस्तू विकणारा तुमचा जुना दोष शोधायला बसत नाही.

फी वेळेवर भरली गेली. गेल्या आठवड्यात बहिणीला फोन केला, तर ती समाधानात होती, पण एक तक्रार होतीच. ‘भाईजान, पूर्वी गल्लीच्या तोंडावरून गाडीचा आवाज आला की मी तवा ठेवायची. आता हा दारात येऊन उभा राहतो तरी कळत नाही. रोज चपाती गार, नाहीतर याला वाट पाहावी लागते.’

आम्ही म्हणालो, त्याला हॉर्न वाजवायला सांग. तो तर कंपनीनेच दिला आहे.