प्रस्ताव कोणाचा, मागणी कोणाची?

माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की महाविद्यालयांत एका कागदासाठी धावपळ सुरू होते. त्याचे नाव प्रकल्प-प्रस्ताव. विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘सिनॉप्सिस’. पार्श्वभूमी, उद्दिष्टे, व्याप्ती, समस्येची व्याख्या, व्यवहार्यता, आवश्यकतांची यादी, कामाचे वेळापत्रक आणि चारदोन आकृत्या असा त्याचा ठरलेला साचा असतो. मार्गदर्शक प्राध्यापकांची सही झाली की प्रस्ताव मंजूर होतो. त्यावर वर्षभर प्रकल्प उभा राहतो आणि अखेरीस काळ्या पुठ्ठ्याच्या व सोनेरी अक्षरांच्या बांधणीत तो परीक्षकांपुढे जातो. मुंबईची मुले त्या बाडाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. वरकरणी हा अभ्यासक्रमातील एक उपचार आहे. राजकीय कार्यकर्त्याने त्याची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. रेशन, पगार, कर्ज, पेन्शन हे सारे आज ज्या यंत्रणांच्या हाती गेले आहे, त्या यंत्रणा बांधणारी माणसे आपला पहिला प्रस्ताव याच वर्गात लिहितात.

त्या प्रस्तावांचे विषय पाहिले तर मन खिन्न होते. ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, हॉटेलचे आरक्षण, हजेरीपट, ऑनलाइन दुकान. वर्षे लोटली, यादी तीच आहे. ग्रंथालयाचा प्रस्ताव लिहिणाऱ्याने ग्रंथपालाला एक प्रश्नही विचारलेला नसतो. रुग्णालयाचा प्रस्ताव लिहिणारा केसपेपरच्या रांगेत कधी उभा राहिलेला नसतो. तयार प्रस्ताव, तयार प्रोग्रॅम आणि तयार ब्लॅक बुक विकणारी दुकाने आहेतच. नाव आणि आसनक्रमांक तेवढा बदलायचा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे तोच मजकूर मिनिटभरात लिहून देतात. म्हणजे दुकानदाराचा धंदा बसेल, पण विद्यार्थ्याचे अज्ञान होते तेथेच राहील.

याबद्दल विद्यार्थ्यांना नीतीचे पाठ देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. या पदवीचे वर्ग बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शिकवणारे अनेकजण तासिका तत्त्वावर राबतात आणि एकेका मार्गदर्शकाच्या वाट्याला विद्यार्थ्यांचा लोंढा येतो. ज्याच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, जो सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी नोकरी करून फी भरतो, त्याला परक्या भाषेतील ‘फीजिबिलिटी’चे पान विकत घ्यावेसे वाटले तर नवल ते काय? ज्ञानाचा बाजार ज्यांनी मांडला, त्यांनी गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणाची उठाठेव करू नये.

परंतु या व्यवहारात गमावले काय जाते, हेही स्पष्ट पाहिले पाहिजे. भाषा आणि तंत्रे अभ्यासक्रमात अन्यत्रही शिकवली जातात. अडचण कोणाची आहे, तिचा उलगडा कोणाला विचारून करायचा, नवी व्यवस्था आली तर कोणाचे काम हलके होईल आणि कोणाचे ओझे वाढेल, हे प्रश्न मात्र या प्रस्तावात अगदी समोर येऊन उभे राहतात. समस्येची व्याख्या करणे म्हणजे कोणाच्या तरी बाजूने उभे राहणे होय. हजेरीची यंत्रणा मालकाच्या खुर्चीवरून पाहिली तर समस्या ‘उशिरा येणारा कामगार’ ही असते. कामगाराच्या बाजूने पाहिली तर ती ‘न मांडलेला जादा वेळ’ ही असते. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच हा निर्णय झालेला असतो.

तो चुकीचा झाला की काय होते, याचा अनुभव या देशाने घेतला आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइनच भरला पाहिजे असे ठरवले. ऐन हंगामात शेतकरी केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. पुढे याद्यांतील घोळ निस्तरण्यात महिने गेले. त्याच वर्षी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी जोडलेले नसल्याने कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. घरचे म्हणाले, पोर भुकेने गेली. सरकार म्हणाले, मलेरियाने. कार्ड रद्द झाले होते, एवढ्याबाबत वाद नव्हता. खडी फोडून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले, त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, ही तक्रार तर गावोगाव ऐकू येते. अंगठा जुळला नाही तर धान्य कसे द्यायचे, ही ओळ आवश्यकतांच्या यादीत अग्रभागी असायला हवी होती. यादी करणाऱ्यांनी झिजलेल्या बोटांच्या माणसाला विचारले असते, तर त्याने ती सांगितली असती.

विचारण्याची ही रीत अशक्य कोटीतील नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने नॉर्वेजियन संगणन केंद्रातील संशोधकांना हाताशी धरले. त्यांचे अध्वर्यू क्रिस्टेन निगॉर हे ‘सिम्युला’ या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना पुढे २००१ साठी मिळाला. संशोधकांनी अहवाल लिहायचे आणि संघटनेने ते वाचायचे, असा प्रारंभीचा बेत होता. तो मोडीत काढण्यात आला. कारखान्यातील कामगार स्वतः काय शिकतात आणि त्या बळावर कोणती कृती करतात, तेच या प्रकल्पाचे फलित मानायचे ठरले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले गेले आणि कामगारांनी आपापल्या कारखान्यातील नियोजन-यंत्रणांची झडती घेतली. १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार महासंघ आणि मालकसंघ यांच्यात संगणकप्रणालींविषयी करारही झाला. त्यामुळे नव्या प्रणालीची माहिती आधी मिळण्याचा आणि तिच्या आखणीत भाग घेण्याचा हक्क कामगारांकडे आला.

आपल्याकडील चळवळीने संगणकाचा प्रश्न उचलला नव्हता असे नाही. आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात यंत्राला विरोध केला, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनावर १९७२ मध्ये अहवाल दिला. बँक कर्मचाऱ्यांनी १९८३ मध्ये संगणकीकरणाचा करार केला. त्या लढ्यांचा भर यंत्रे किती आणि नोकऱ्या किती, यावर होता आणि तो रास्तच होता. यंत्राच्या पोटात कोणाचे नियम भरले जाणार, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. आज तो दाराशी आला आहे.

वस्तुतः या बाबतीत जुन्या कार्यकर्त्याने बिचकण्याचे कारण नाही. संगणकाच्या भाषेत जिला आवश्यकतांची यादी म्हणतात, ती युनियनच्या मागणीपत्रकाची सख्खी बहीण आहे. दोन्ही लिहिण्यापूर्वी खात्यांतून हिंडावे लागते, तक्रारी ऐकाव्या लागतात, एकाचे रडगाणे आणि साऱ्यांचा प्रश्न वेगळे करावे लागतात. ज्याने आयुष्यभर मागणीपत्रके लिहिली, त्याला प्रस्तावाचा अर्धा भाग आधीच येतो.

एक उदाहरण घ्यावे. बांधकाम कामगाराला कल्याण मंडळाचे लाभ मिळण्यासाठी गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. नाक्यावरच्या मजुराचा मुकादम दर आठवड्याला बदलतो. पुरावा ठेवणार कोण? एखाद्या विद्यार्थिनीने याच प्रश्नावर प्रस्ताव लिहावा. समस्येची व्याख्या एका वाक्यात करावी: कामाच्या दिवसांची नोंद कामगाराच्या हाती नाही. व्याप्ती एका नाक्यापुरती ठेवावी. पहाटे नाक्यावर उभे राहून पंधरावीस मजुरांना विचारावे, त्यांत स्त्रिया असाव्यात. मग आवश्यकता आपोआप समोर येतील. फोन घरात एकच असतो आणि तो मुलाकडे असतो. वाचता येत नाही, तेव्हा आवाज व चिन्हे हवीत. भाषा मराठीबरोबर हिंदीही हवी. जाळे नसताना नोंद टिकली पाहिजे. जी माहिती लागत नाही ती, आणि विशेषतः आधार क्रमांक, मागायचाच नाही. शेवटी प्रस्तावाने आपली मर्यादाही लिहावी. कामगाराची स्वतःची नोंद पुरेशी नाही. प्रमाणपत्रावर मालकाची वा अधिकाऱ्याची सही लागते. ती नाकारली गेली तर प्रोग्रॅम काही करू शकत नाही, तेथे संघटनाच लागते. ही मर्यादा ओळखणारा विद्यार्थी आपली विद्या खरोखर शिकला, असे म्हणता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अशा विषयाने नोकरी मिळत नाही. परंतु मुलाखतीत विकतच्या प्रकल्पाची अब्रू दोन प्रश्नांत जाते. स्वतः पाहून, विचारून लिहिलेल्या प्रस्तावाचे प्रत्येक वाक्य लिहिणाऱ्याला पाठ असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमांवर चळवळीची कामे उरकण्याचा डाव तर नव्हे? हे भय अनाठायी नाही. म्हणून शिस्त पाळली पाहिजे. प्रस्ताव विद्यार्थ्याचा, निष्कर्ष त्याचे, गुण त्याचे. संघटनेची चूक त्याला दिसली तर तीही त्याने लिहावी. प्रचारपत्रके तयार करून घेण्यासाठी ही दारे उघडायची नाहीत.

दारे मात्र उघडली पाहिजेत. सिनॉप्सिसच्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जवळच्या महाविद्यालयात जावे आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटावे. रेशनचे, हमालांचे, आशा सेविकांचे, घरकामगारांचे असे दहा प्रश्न मराठीत लिहून द्यावेत आणि प्रत्येक प्रश्नासोबत भेटता येईल अशा माणसाची गाठ घालून द्यावी. विद्यापीठांकडे मागणी करावी की प्रस्ताव मराठीत स्वीकारले जावेत, एका मार्गदर्शकाकडील विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा असावी आणि ज्यांच्यासाठी यंत्रणा बांधायची त्यांच्या भेटींना गुण असावेत. यातील एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

काळ्या पुठ्ठ्यांची बाडे यंदाही कपाटात जातील आणि धूळ खातील. परंतु त्यांतील एखाद्या बाडाच्या पहिल्या पानावर नाक्यावरच्या मजुराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत उमटला असेल, तर ते लिहिणारा उद्या कोणत्याही कचेरीत बसो, यादी करताना झिजलेल्या अंगठ्याची ओळ तो विसरणार नाही.