कुलुपांतली विद्या कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, वाचनालय म्हणजे कांचेच्या कपाटांतला देव्हारा नव्हे. सन १९१० सालीं श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं बडोदें संस्थानांत मोफत वाचनालयांचें काम हातीं घेतलें आणि पुढें पुस्तकांच्या लांकडी पेट्या खेड्यापाड्यांत धाडल्या. वाचक ग्रंथाकडे येत नसेल, तर ग्रंथानें वाचकाकडे जावें, हें त्या राजानें ओळखलें होतें.

महाराष्ट्रांत १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे. सरकारमान्य वाचनालयांस अनुदान मिळतें. तें आपल्याच घामाचें! मग औत सुटण्यापूर्वीं व हातोडा खालीं ठेवण्यापूर्वीं ज्याचें दार लागतें, तें वाचनालय कोणासाठीं? वेळ दिवेलागणीनंतरची हवी. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांना आठवड्यांतून एकदां वाचून दाखविणारा हवा. सातबारा, पीकविमा, मजुरीचे कायदे यांचीं पुस्तकें पोथ्यांच्या आधीं हवींत. आयाबहिणींस पुस्तकें घरपोंच हवींत.

हें कोणी आपणहून देणार नाहीं. वर्गणी भरा, सभासद व्हा, वार्षिक सभेस जा, कार्यकारी मंडळावर आपलीं माणसें निवडून द्या. सोंवळ्यानें आपल्या वाडवडिलांची विद्या अडविली. आतां कुलुपाला आपल्या लेंकरांची अडवूं देऊं नका!