भोगवर्धनच्या मुलांना पुरावा तोलू द्या

जालना जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राचीन इतिहासातल्या संशोधनाचा विषय निघाला की एक सूर हमखास लागतो: आपल्या मुलांकडून हे कसे व्हायचे? त्यांना संस्कृत-प्राकृत येत नाही, ब्राह्मी वाचता येत नाही, इंग्रजी ग्रंथ झेपत नाहीत. ते काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने करावे. आपण नोट्स द्याव्यात. असे म्हणणाऱ्यांची कळकळ खरी असेल, पण त्यांचा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

आधी लिपीचे पाहू. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, ती सांचीच्या स्तूपावरच्या चिमुकल्या लेखांच्या आधाराने. बऱ्याच लेखांच्या शेवटी तीच अक्षरे येतात हे त्याने हेरले आणि तिथे ‘दानं’ असावे असा तर्क केला. अमक्या गावच्या अमक्याचे दान, एवढाच त्यांचा मजकूर. त्या दात्यांच्या गावांत भोगवर्धन आहे, म्हणजेच आपले भोकरदन. ज्या प्रकारच्या लेखांनी अख्खी लिपी खुली केली, ते आपल्याच गावच्या मुलांना अवघड म्हणून नाकारायचे? इंग्रजीची सबबही पुरती टिकत नाही. वा. वि. मिराशींनी सातवाहनांचा आणि पश्चिमी क्षत्रपांचा इतिहास, कोरीव लेखांसह, मराठीत लिहून ठेवला आहे.

‘पण साधने कुठे आहेत?’ हा पुढचा आक्षेप. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले, शां. भा. देव आणि गुप्ते यांचा अहवालही प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळातल्या या गावात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुटका भाग मिळाला. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती यक्षीशी त्याचे विलक्षण साम्य आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे यक्षी त्याआधीची, हे नक्की. विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

मात्र इथेच दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी माझे भांडण आहे. साम्य दिसले रे दिसले की ते जाहीर करतात: पॉम्पेईची यक्षी भोकरदनलाच घडली! वर्तमानपत्रात, भाषणात आणि मग प्रबंधातही हे वाक्य सिद्ध गोष्टीसारखे उतरते. त्याला अडवणारा पुरावा मात्र कोणी सांगत नाही. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही मुख्यतः वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामलाही भारतीय शैलीचे हस्तिदंती काम मोठ्या प्रमाणात मिळाले आहे. उलट बाजूने पाहा: आपल्या तेरलाही याच जातकुळीची मूर्ती सापडली, म्हणजे दख्खनचा दावा पोकळ नाही. शिवाय ते अक्षर मूर्ती घडतानाच कोरले की वाटेत कोणी कोरले? वस्तू फिरते, तसा कारागीरही फिरतो. भोकरदनबद्दल प्रेम असणाऱ्यानेच हा गुंता सर्वांत जास्त चिकाटीने सोडवायला हवा. न तपासलेला अभिमान गावाच्या पदरात काहीच टाकत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे. तिथे ‘सातवाहनांचा सांस्कृतिक इतिहास’ असले विषय देणे थांबवा. एवढ्या अवाढव्य विषयावर विद्यार्थी उतरवूनच काढणार. तो दोष त्याचा कमी, विषय देणाऱ्याचा जास्त. त्याला एक वस्तू द्या आणि एक प्रश्न द्या. मूर्ती कोणत्या थरात मिळाली, तिच्यासोबत काय मिळाले, किती भाग शाबूत आहे, हे आधी निव्वळ वर्णन म्हणून लिहू दे. मग तेर, पॉम्पेई आणि बेग्रामशी तुलना करू दे. साम्याइतकेच फरकही नोंदवू दे. अनुमान सर्वांत शेवटी, आणि तेही ‘असावे’ व ‘आहे’ यांतले अंतर राखून. जिथे तो अहवालाशी असहमत होईल तिथे शिक्षकाने त्याला दडपू नये, आधार मागावा. हे सगळे त्याने स्वतःच्या मराठीत लिहावे. दहा पाने पुरेत.

तोंडी परीक्षेत परीक्षकाने पानांची जाडी पाहू नये. कोणत्याही एका वाक्यावर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ एवढे विचारावे, आणि निम्मे गुण त्या उत्तराला ठेवावेत.