सायकलवाल्यांनो, दुकानातली ट्यूब चोळू नका

बुलढाण्याहून बोथा घाटाने सायकलवर शेगावला जाऊन आलेली उत्साही मंडळी हल्ली माझ्याकडे येतात. दर्शन छान झालेले असते, मांड्या मात्र सोलवटलेल्या. लाजेपोटी आधी दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून चोळलेली असते. माझे स्पष्ट मत आहे, सायकलने होते त्याहून मोठे नुकसान ही ट्यूब करते. अशा अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. आग चटकन थांबते. पण कातडी पातळ होते. गजकर्ण असेल तर वरून दबते, आतून पसरते आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही.

मुळात हा त्रास घर्षण, घाम आणि दाब यांचा. तो टाळता येतो. सीट फार उंच असली की पायडल मारताना कंबर डावी-उजवी हलते व मांडी घासते; सीट थोडी खाली घ्या. मध्ये जाड शिवण असलेली जीन्स नको. निघताना जांघेत व्हॅसलिन लावा. अधूनमधून सीटवरून उठून पायडल मारा. पोहोचताच ओले कपडे बदला, अंग धुऊन कोरडे करा. तरीही सोलवटले, तर कातडी भरेपर्यंत सायकलला विश्रांती द्या. गळू झाले, ताप आला किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जांघेचे दुखणे सांगण्यात लाज कसली?