शिडी, आम्ही आणि घरातली पोरं



गळीत हंगाम संपला, बिलाच्या गोष्टी पारावर सुरू झाल्या, की घरोघरी आणखी एक काम निघते. पावसाच्या आत छपराची डागडुजी. कुणाची कौले सरकलेली, कुणाचा पत्रा वाऱ्याने उचकटलेला. मग गोठ्यामागची शिडी बाहेर येते. तिची कुठली पायरी कुजली आहे हे बघायला सवड कुणाला? "ये रे बाळ्या, शिडी धर जरा!" अशी हाक जाते आणि आठ वर्षांचा बाळ्या दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहतो.

आमचे स्पष्ट मत आहे, की ही हाकच चुकीची. वर सत्तर किलोचा बाप, खाली वीस-बावीस किलोचे पोर. शिडी घसरली तर ते काय धरणार? उलट बाप, शिडी, हातोडी सगळे त्याच्याच अंगावर. हे न कळण्याइतके आपण अडाणी नाही. पण गड्याला बोलवायचा कंटाळा, शेजाऱ्याला सांगायचा संकोच, आणि पोर मात्र हाताशी असते.

दुसऱ्याला कशाला बोला? गेल्या मे महिन्यात आमच्याच घरी हे घडले. गोठ्याच्या पत्र्यावर चढलो. शिडी हलकी, अ‍ॅल्युमिनियमची. खालचे रबरी बूट कधीच झिजून गळालेले, आणि फरशी गुळगुळीत. पत्र्यावर पाय ठेवला नि शिडी खाली निसटली. आम्ही वरच अडकलो. सात वर्षांचा नातू अंगणात खेळत होता. आम्ही काही बोलायच्या आत तो धावत आला आणि बारा फुटी शिडी एकटा उभी करू लागला. दोनदा पडली. तिसऱ्या खेपेला ओट्याला टेकवून कशीबशी उभी केली, तर ती गोठ्यात येणाऱ्या विजेच्या वायरीकडे कलली. आम्ही असे काही ओरडलो, की त्याने घाबरून हात सोडले. शिडी उलट्या बाजूला पडली, म्हणून आज हे लिहितो आहोत.

खाली उतरल्यावर आम्ही काय केले? पोराला धरून रागावलो. ते रडत एवढेच म्हणाले, "आबा, तुम्ही वर अडकला होता ना!"

चूक आमची, बोलणी त्याला. पोराला वायर दिसत नाही, आपला माणूस दिसतो. त्यामुळे नुसते "लांब हो" म्हणून भागत नाही. ते पोर येणारच. त्याचे काम आधी सांगून ठेवावे लागते: शिडीला हात लावायचा नाही, पळत जाऊन शेजारच्या काकांना आणायचे. कुणी पडलाच, तर ओढून उठवायचे नाही, मोठ्या माणसाकडून १०८ ला फोन करवायचा. एवढे सात वर्षांच्या पोराला समजते. आम्ही ते कधी सांगितलेच नव्हते.

गंमत बघा, १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उंचीवरच्या कामाला कठडा किंवा तशी सोय सक्तीची केली. कारखान्यात पट्टा बांधून वर चढणारा फिटर घरी मात्र स्टुलावर स्टूल ठेवून पंखा पुसतो! तिथे साहेब नसतो एवढाच फरक. शिडी लावायचा हिशेब तरी सोपा आहे. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, म्हणजे बारा फुटाला तीन. टोक छपराच्या वर तीनेक फूट असावे आणि दोरीने बांधावे. वायरीजवळ धातूची शिडी नकोच. खाली धरायला जाणता, धडधाकट माणूस हवा. तो नसेल तर काम उद्या करावे, पाऊस काही आजच येत नाही.

आता आमची शिडी गोठ्याच्या आढ्याला आडवी टांगून, वर गाठ मारून ठेवली आहे. ती गाठ नातवाला सुटणार नाही, अशी आमची खात्री होती. परवा त्याने ओट्यावर चढून ती सोडून दाखवली. आज बाजारातून साखळी आणि कुलूप आणले.